वीसच्या आघाडीची टोपी

शनिवारी एका गुणाने हरून आलेल्या माणसांना रविवारी काय खायला घालायचं, हा प्रश्न माझ्या वहिनीने, आर्डिसने, फार वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे. वर बटाट्याचे गोळे पसरून ओव्हनमध्ये भाजलेला हॉटडिश, दोन मोठी भांडी. जिंकून आलेल्यांना काय घालायचं ते मात्र अजून ठरलेलं नाही, कारण तशी वेळ ब्रेके घराण्यावर आलेली नाही. पन्नास वर्षांत हेगडाल कॉलेजच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली आमच्या गटाच्या अंतिम सामन्यात सहा वेळा पोचल्या आणि सहाही वेळा हरल्या. पहिले पाच उपविजेतेपदाचे चषक माझ्या भावाच्या, नॉर्बर्टच्या, काचेच्या ओसरीत ओळीने मांडलेले आहेत. एकात कपड्यांचे चिमटे असतात, एकात बागेच्या बिया, आणि सर्वांत रुंद आहे त्यात मांजर झोपतं. कालचा सहावा अजून गाडीतच होता. कोणी आत आणायला तयार नव्हतं.

"मग आपण आत आहोत की बाहेर?" ट्रूडीने विचारलं. ट्रूडी म्हणजे माझ्या भाच्याची, डेलची, धाकटी. वय वर्षे नऊ.

"ते सात वाजता टीव्हीवर सांगतील. हात धुऊन ये. वड्या मोजायच्यात."

अडतीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवल्यावर माणसाला एक खोड लागते. कुठलाही गुंता दिसला की तो खाण्याच्या वस्तूंनी सोडवावासा वाटतो. लिंबाच्या वड्यांचे दोन ट्रे मी ओट्यावर घेतले आणि बरोबर अडुसष्ट तुकडे पाडले.

"या अडुसष्ट जागा. सगळ्या देशातून एवढेच संघ मोठ्या स्पर्धेत जातात. देशात कॉलेजांचे तीसएक गट आहेत, आपला नऊ कॉलेजांचा त्यातला एक. प्रत्येक गटाच्या विजेत्याला एक वडी. हक्काची."

ट्रूडीने एकेक वडी बाजूला काढली. "ही आपल्या गटाची. पण ती काल कॉटनवुड स्टेटने नेली."

"एका गुणाने नेली."

"नेली ना पण?"

"नेली. आता उरल्या त्या निवड समिती वाटते. तू मोठ्या गटांचे हात हो. नऊ उचल."

"नऊ? एकाच गटाने?"

"हो. आता दुसऱ्याच्या आठ. मग परत नऊ."

थोड्याच वेळात ट्रेमध्ये चार वड्या उरल्या. ट्रूडी त्यांच्याकडे बघत राहिली.

"मोठ्यांना एवढ्या का, आत्याआजी?"

"ते एकमेकांशीच खेळतात म्हणून. मोठ्याने मोठ्याला हरवलं की जिंकणाऱ्याचं नाव होतं, आणि हरणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, कारण तोही मोठ्याकडूनच हरलेला असतो. आपण ग्रेनाइट लेकला हरवलं तर कुणी ढुंकून बघत नाही. त्यांच्याकडून हरलो तर मात्र सगळा देश विचारतो, काय झालं?"

"मग आपण मोठ्यांशी खेळायचं."

"दर वर्षी पत्रं धाडतो. ते म्हणतात, आमच्याकडे या. आपल्याकडे यायचं म्हटलं की त्यांना वेळ नसतो."

"या चार वड्यांसाठी किती जण आहेत?"

"असतील वीसएक."

"आणि आपल्या गटाला एका वर्षात दोन वड्या कधी मिळाल्या होत्या?"

"कधीच नाही."

"मग आपण बसलोय कशाला?"

वर्गात असा प्रश्न आला की मी खडू खाली ठेवायची. "सत्तावीस सामने जिंकलो म्हणून," मी म्हटलं. "आणि हॉटडिश झालाय म्हणून."

संघाच्या चौदाही मुली तळघरात बसल्या होत्या. तिथला टीव्ही जुना, छपरावरच्या अँटेनावर चालतो. स्वयंपाकघरातला नवा इंटरनेटवर चालतो आणि वीसएक सेकंद मागे असतो. त्यामुळे आमच्या घरात बातमी आधी जमिनीखालून येते. स्वयंपाकघराच्या फरशीत गरम हवेची जाळी आहे, तिच्यातून खालचं बोलणं वर ऐकू येतं. वरचं बोलणं खाली जातं का, याचा विचार घर बांधल्यापासून कोणी केला नव्हता.

डेल आला तो हातात कागद घेऊनच. डेल आठवडाभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि सामन्याच्या दिवशी रेडिओवर वर्णन करतो. दोन्हीकडे त्याचा आवाज सारखाच मोठा. त्याची बहीण सॉल्वेग, म्हणजे आमच्या मुलींची कोच, सिंकपाशी लोणच्याच्या काकड्या चिरत होती. नॉर्बर्ट टेबलाशी शब्दकोडं घेऊन बसला होता. सॉल्वेगच्या आधी अडतीस वर्षं कोच तोच होता, आणि सकाळी कॉलेजात गणित शिकवायचा.

"एकोणपन्नास," डेल म्हणाला. बूट काढायच्या आधीच. "यादीत आपण एकोणपन्नासावे. समितीसमोर हीच यादी असते. पंचेचाळीसच्या खाली कुणी आशा धरायची नसते."

"बूट," आर्डिस म्हणाली.

त्याने बूट काढले. "आई, ऐक तरी. ही यादी नुसतं जिंकलात का एवढंच विचारत नाही. कितीने जिंकलात तेही बघते. बारा सामन्यांत आपण वीसने पुढे होतो. त्यांतल्या अकरा वेळा टोपी चढली."

सगळ्यांनी दाराशेजारच्या खिळ्याकडे पाहिलं. टोपी तिथेच होती.

टोपीचं असं आहे. हेगडालच्या मुली वीस गुणांनी पुढे गेल्या की तिसऱ्या रांगेत बसलेला नॉर्बर्ट ती कानटोपी डोक्यावर घालतो. लोक ओरडतात, "टोपी, टोपी." सॉल्वेग मुख्य पाचजणींना बाकावर बसवते आणि बाकावरच्या शेवटच्या पाचजणींना मैदानात पाठवते. मग तीसची आघाडी बाराची होते, समोरच्या संघाचे आईबाप जरा हसतात, आणि सगळे वेळेवर घरी जातात. हे नॉर्बर्ट कोच होता तेव्हापासून चालत आलं आहे. टोपी तपकिरी-केशरी आहे आणि तिचा एक कान दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. ती मी विणली आहे, त्यामुळे या वादात मी सुरुवातीपासून तोंड बंद ठेवलं होतं.

"टोपी नसती तर आपण अडतिसावे असतो," डेल म्हणाला. "तीनदा मांडून पाहिलंय. आज संध्याकाळी नखं खायची वेळच आली नसती."

सॉल्वेगने सुरी खाली ठेवली. "तू रेडिओवर काय म्हणायचास रे दर वेळी? 'मंडळी, टोपी चढली, आता उठून कॉफी करून घ्या.' अकरा वेळा म्हणालास."

"ते लोकांना आवडतं."

"मग लोकांना जाऊन सांग, अडतिसावे का नाही ते."

नॉर्बर्टने हात पुढे केला. डेलने कागद दिला. नॉर्बर्टने चष्मा कपाळावर सरकवला, पेन्सिल घेतली आणि ओळीवर ओळ खाली उतरत गेला. माझा भाऊ कुणाचं गणित तपासत असला की घरातलं मांजरसुद्धा थांबतं.

"तिसऱ्या ओळीत चुकलास," तो शेवटी म्हणाला. "हातचा विसरलास. अडतीस नाही, सदतीस."

डेलला हे अपेक्षित नव्हतं. तो भांडायला आला होता आणि बापाने त्याला आणखी दारूगोळा देऊन टाकला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" सॉल्वेगने विचारलं.

"जानेवारीपासून. यादी कशी करतात ते वाचलं, मांडून पाहिलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू कोच आहेस. तूही वाचलंच असशील असं वाटलं."

सॉल्वेग खुर्ची ओढून बसली. सेहेचाळीस वर्षांची बाई, पण त्या खुर्चीत बसली की मला ती अजून दहावीतलीच दिसते. "वाचलं होतं," ती म्हणाली. "डेल, ग्रेनाइट लेकचा सामना आठवतो? फेब्रुवारीतला?"

"एक्केचाळीसने जिंकलो तो? विसरेन कसा. त्या एका सामन्यावर आपण यादीत चार पायऱ्या चढलो. बाबांना त्या दिवशी सर्दी होती म्हणून टोपी..."

"सर्दी नव्हती. मीच सांगितलं होतं त्यांना, टोपी घरी ठेवा म्हणून."

पुढचं सॉल्वेग जाळीकडे बघत बोलली, फार हळू. त्या सामन्यात वीस झाले, बावीस झाले, तीस झाले, आणि सगळं प्रेक्षागृह तिसऱ्या रांगेकडे बघत होतं. नॉर्बर्ट उघड्या डोक्याने बसलेला. बाकाच्या टोकाला ब्रिन होती. तिने बुटाची नाडी सोडून परत बांधली. मग दुसऱ्या बुटाची. मग पुन्हा पहिल्याची. तिचे आईबाप चार तास गाडी चालवून आले होते आणि वडलांनी मोबाइल चित्रीकरणासाठी हातात धरला होता, तो त्यांनी हळूच खिशात ठेवून दिला. सामना संपल्यावर ग्रेनाइट लेकची कोच, सॉल्वेगची कॉलेजपासूनची मैत्रीण, हात मिळवून गेली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

"आणि पुढच्या सामन्यात वीस झाले तर बाबांच्या डोक्यावर टोपी हजर," सॉल्वेग म्हणाली. "मला शब्द दिला होता. महिनाभर मी त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मनात ठेवलं. काल शेवटचा बॉल रिंगवर फिरून बाहेर पडला ना, तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? ती टोपी आठवली. स्वतःच्या मुलींचं तोंड बघायच्या आधी."

नॉर्बर्टने पेन्सिल वहीत ठेवली. तो असा गप्प बसला की डेलला जोर चढतो.

"हेच म्हणतोय मी," डेल म्हणाला. "एका म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापायी..."

"तो नाही," आर्डिस म्हणाली. ती ओव्हनपाशी पाठमोरी उभी होती. "टोपी मी घातली."

"काय?"

"त्याने खरंच घरी ठेवली होती. मी उचलून पिशवीत टाकली. वीस झाले तेव्हा मागून त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याला कळेपर्यंत सॉल्वेगने पाचजणींना उठवलं होतं."

सॉल्वेग आईकडे बघतच राहिली. "तुला ठाऊक होतं ना, मी का नको म्हटलं होतं ते?"

"होतं."

"तरी?"

"ब्रिनची आई माझ्या शेजारी बसली होती. चार तास गाडी चालवून आलेली. दुसऱ्यांदा." आर्डिसने हॉटडिशचं झाकण काढलं, आत पाहिलं, परत लावलं. "मला यादी-बिदी कळत नाही. आता कळतेय थोडी. कळली असती तरी घातली असती का? घातली असती, वाटतं. म्हणून मी सकाळपासून कुणाच्या नजरेला नजर देत नाहीये."

आता डेलची पंचाईत झाली. बापावर ओरडणं त्याला पन्नास वर्षांत जमलं होतं, आईवर ओरडायची त्याला सवय नव्हती. त्याने चौफेर पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "हो, मीच विणलीय."

"म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाने हातभार लावलाय," डेल म्हणाला.

"तू तर रेडिओवरून लावलास," सॉल्वेग म्हणाली. पण आता तिचा आवाज खाली आला होता. ती बापाच्या शेजारच्या खुर्चीवर सरकली. "जाऊ दे. जे केलं ते तत्त्वासाठी केलं, एवढं तरी म्हणता येईल. हरणाऱ्याला लाजवायचं नाही. बारा वर्षं प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी मी तेच सांगते. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत छापलंय, टोपीच्या फोटोसकट. नाही जाणार मोठ्या स्पर्धेत. पण तत्त्व तरी..."

"सॉल्वेग," नॉर्बर्ट म्हणाला. "तत्त्व वगैरे नव्हतं."

"म्हणजे?"

"मला थंडी वाजत होती."

पंचेचाळीस वर्षं मी त्याची बहीण म्हणून लोकांकडून टोपीचं कौतुक ऐकत आले होते. चर्चच्या मासिकात त्यावर लेख आला होता. लेख मीच लिहिला होता.

"अठ्ठ्याहत्तर सालचा जानेवारी," नॉर्बर्ट म्हणाला. त्याने ट्रूडीकडे बघून बोलायला सुरुवात केली. अवघड गोष्ट तो नेहमी वर्गातल्या सर्वांत लहान चेहऱ्याकडे बघून सांगतो. "तेव्हा जुनं व्यायामगृह होतं. मुलींच्या सामन्याला माणसं किती? पंधरा. शिपाई नऊ वाजले की भट्टी बंद करायचा, मुलींसाठी कोळसा का जाळायचा म्हणून. त्या दिवशी आपण वीसने पुढे होतो आणि भट्टी बंद झाली. माझे कान दुखायला लागले. मी खिशातून टोपी काढून घातली. एवढंच."

"मग?" ट्रूडीने विचारलं.

"बाकाच्या टोकाला लॉर्ना टेग नावाची मुलगी होती. दोन वर्षं संघात होती आणि एक मिनिटही खेळली नव्हती. मी तिला खेळवलं नव्हतं. का, ते विचारशील तर मला धड आठवतही नाही. मी टोपी घातली आणि ती उठली. तिला वाटलं, ही खूण आहे. बहुतेक तिने मनात ठरवूनच ठेवलं असेल, कोच काहीतरी खूण करतील म्हणून. तिने जर्सीवर घातलेला सदरा काढला आणि पंचांकडे जाऊन नाव नोंदवलं. मी तिला थांबवायला तोंड उघडलं."

"आणि?"

"आणि तिचे वडील उभे राहिले. वर, शेवटच्या पायरीवर. दूधवाला होता तो, पहाटे चारला उठणारा. तो उभा राहिला तो सामना संपेपर्यंत खाली बसला नाही. लॉर्नाने पाच वेळा बॉल टाकला आणि पाचही वेळा चुकली. एकदा तर रिंगेलासुद्धा लागला नाही. मी तोंड मिटलं ते पुन्हा उघडलंच नाही." नॉर्बर्टने चष्मा पुन्हा नाकावर आणला. "पुढच्या वेळी वीस झाले तेव्हा सगळा बाक माझ्याकडे बघत होता. भट्टी चालू होती. चांगलं उकडत होतं. काय करणार, घातली."

"आणि 'हरणाऱ्याला लाजवायचं नाही' हे?" सॉल्वेगने विचारलं.

"ते नंतर कुणीतरी लिहिलं," नॉर्बर्ट म्हणाला आणि माझ्याकडे पाहायचं सौजन्याने टाळलं. "वाचायला बरं वाटलं. मी नाही म्हटलं नाही."

सॉल्वेगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. तिचे खांदे हलत होते. मग कळलं, हसतेय. "म्हणजे पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपण मोठ्या स्पर्धेच्या दारात उभे आहोत," ती म्हणाली, "आणि आपल्याला बाहेर ठेवणार कोण? एक शिपाई, त्याने वाचवलेला कोळसा आणि तुमचे कान."

तेवढ्यात जाळीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाकीच्या तेराजणींचं "शूऽऽ".

आम्ही सगळ्यांनी खाली जाळीकडे पाहिलं.

"सगळं ऐकलंत?" सॉल्वेगने जाळीला विचारलं.

कर्णधार मुलीचा आवाज आला, अगदी शाळेतल्यासारखा. "कोच, फक्त टोपीपासूनचं."

सात वाजले. आर्डिसने हॉटडिशची दोन्ही भांडी खाली पाठवली आणि आम्ही वरच थांबलो, कारण नॉर्बर्टच्या मते मुलींना बातमी म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांशिवाय मिळायला हवी. सॉल्वेगही वरच थांबली. तिला खाली जायला हवं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. पण ब्रिनने सगळं ऐकलं होतं. आपल्या खेळलेल्या मिनिटांची ही किंमत पडली असं त्या पोरीला वाटत असेल, आणि तिच्याकडे बघून काय बोलायचं हे सॉल्वेगला सुचत नव्हतं.

टीव्हीवर सामन्यांच्या तक्त्याचे चार कोपरे एकेक करून उघडत गेले. पहिल्या कोपऱ्यात मोठ्या गटातल्या कॉलेजांची नावं एकामागून एक. डेल प्रत्येकाचं वजन सांगत होता. "हे चौदा सामने हरलेत. चौदा. आत." दुसऱ्या कोपऱ्यात कॉटनवुड स्टेट आलं, एका बलाढ्य संघासमोर. खाली कुणीतरी एकटीनेच टाळ्या वाजवल्या आणि इतरजणींनी तिला उशा मारल्याचा आवाज आला. तिसरा कोपरा. त्यातही नाही. ट्रूडीने चार वड्या वेगळ्या बशीत ठेवल्या होत्या. आता ती त्यांतली एक बोटाने पुढे-मागे करत होती.

चौथा कोपरा अर्धा झाला आणि जाहिरात लागली. चिखलातून जाणारा मोठा ट्रक. डेल काहीतरी म्हणणार होता, इतक्यात खालचा आवाज थांबला.

हळूहळू नाही, एकदम थांबला. चौदा पोरी, दोन भांडी हॉटडिश, आणि जाळीतून चमच्याचासुद्धा आवाज नाही.

सॉल्वेगने डोळे मिटले. आर्डिसने हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. आमच्या टीव्हीवर ट्रक अजून चिखलातच होता.

"अजून अर्धा कोपरा राहिलाय," ट्रूडी म्हणाली. तिला कुणी काही सांगितलं नाही. वीस सेकंद तिची होती, ती आम्ही तिला दिली. मग आमच्याही टीव्हीवर ती नावं आली आणि तिने वडीवरचं बोट उचललं.

शेवटी निवेदिकेने थोडक्यात हुकलेल्या चार संघांची नावं वाचली. तिसरं नाव हेगडाल. पन्नास वर्षांत देशाच्या टीव्हीवर आमचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं, ते न घेतलेल्यांच्या यादीत. "नाव बरोबर उच्चारलं," डेल म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं.

सॉल्वेग खाली गेली. मागोमाग आम्ही. जिन्याची शेवटची पायरी अरुंद आहे, तिथे आमची दाटी झाली. मुली सोफ्यावर, गादीवर, जमिनीवर जशा होत्या तशाच बसलेल्या. शेवटच्या वर्षाच्या चौघी एकमेकींना टेकून. ब्रिन कोपऱ्यात, पाण्याच्या हीटरपाशी, पायांच्या बोटांकडे बघत.

"मुलींनो," सॉल्वेग म्हणाली आणि थांबली. "मी... हे बघा. जे तुम्ही वरून ऐकलंत..."

तेव्हा नॉर्बर्ट आमच्यातून वाट काढत पुढे आला. त्याच्या हातात टोपी होती. खिळ्यावरून केव्हा काढली ते मी पाहिलं नव्हतं. तो एक्याऐंशी वर्षांचा आहे, जिना उतरल्यावर त्याला क्षणभर उभं राहावं लागतं. तो उभा राहिला. टीव्हीकडे पाहिलं. मुलींकडे पाहिलं. माफी मागायला आलाय असं मला वाटलं, आणि त्यालाही तसंच वाटत होतं, असं त्याने नंतर कबूल केलं. पण सामना कधी संपला हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. त्याने टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. लांब कान डावीकडे.

पाच मुली उठून उभ्या राहिल्या.

विचार करून नाही. सवयीने. बाकावरच्या शेवटच्या पाचजणी, पाच वेगवेगळ्या कोपऱ्यांतून, एकाच क्षणी. एकीच्या मांडीवर ताटली होती, ती खाली पडली. ब्रिनने तर अंगावरचा सदरा अर्धा डोक्यातून काढला होता. तशीच अडकून ती थांबली.

कोणीतरी हसलं. मला वाटतं कर्णधारच, रडता रडता. मग सगळ्याच.

"किती मिनिटं आहेत, कोच?" सदऱ्याच्या आतून ब्रिनने विचारलं.

"आता भरपूर आहेत," नॉर्बर्ट म्हणाला.

सॉल्वेग तिच्यापाशी गेली, सदरा नीट खाली ओढला, आणि तिथेच, हीटरपाशी, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. जिन्यावरून ट्रूडी अडुसष्ट वड्या घेऊन उतरली आणि प्रत्येकीला चार देत सुटली. "समिती मीच आहे," ती सांगत होती. "गप्प घ्या."

सॉल्वेगचा फोन वाजला तेव्हा निम्म्या वड्या संपल्या होत्या. ती जिन्यावर जाऊन बोलली. "हो... हो, ऐकतेय... गुरुवारी? इथेच? ... नाही, व्यायामगृह मोकळंच आहे. आमचं नेहमीच मोकळं असतं." तिने फोन ठेवला. सगळे तिच्याकडे बघत होते. "दुसऱ्या स्पर्धेत घेतलंय. दुय्यम. ज्यांना मोठीत घेत नाहीत त्यांची. पहिला सामना आपल्या घरच्या मैदानावर." आणि समोरच्या संघाचं नाव सांगितलं. मोठ्या गटातलं कॉलेज. ज्यांना आम्ही दर वर्षी पत्र धाडतो आणि ज्यांना इकडे यायला वेळ नसतो, त्यांच्यापैकी एक. या वेळी त्यांना यावंच लागणार होतं.

तळघरात जो ओरडा झाला त्याने मांजर चषकातून उठून पळालं असणार.

आवाज ओसरल्यावर सॉल्वेग बापासमोर येऊन उभी राहिली. टोपीचा लांब कान तिने बोटाने सरळ केला. "बाबा," ती म्हणाली. "गुरुवारी टोपीचं काय करायचं?"

नॉर्बर्टने थोडा विचार केला. आकडे मनात मांडतो तसा.

"तू आधी वीसने पुढे तर जा," तो म्हणाला.